खांद्यावरचे केस

श्रावण वद्य चतुर्दशी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळत होते. ट्रॅक्टर आल्यापासून जू पडलेलं नाही; घट्ट्यावर मऊ केस उगवलेत. राबणाऱ्याच्या अंगावरची खूण बुजायला वर्षं लागतात, आणि ती बुजली की घरादाराला तो जड होतो.

"काम ट्रॅक्टरचं आणि तूप याला!" जाऊबाई हसल्या. "परवा व्यापारी नेणारच आहे ना?"

"हात रिकामे असतील तर गोंडे बांधा," मी म्हणाले. मग रीतीप्रमाणे बैलाच्या कानाशी वाकले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्याने मान माझ्या अंगावर रेलली. जेवायला बोलावलेल्याला असं कसं घालवायचं?

सकाळी पुरण शिजत ठेवलं आणि व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं, येऊ नका.