पेल्यातली पोफळ

विद्यार्थ्याच्या चित्रातले एक जादा पानही ज्यांनी कधी खपवून घेतले नाही, त्या राऊत मास्तरांनी हॉलंडच्या चित्राची नक्कल करताना तीत चौलची पोफळ का काढली? या एका प्रश्नाचे उत्तर शोधावे, म्हणून हे लिहावयास घेतले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही चौलच्या एकाच शाळेत शिकवीत होतो. ते चित्रकला, मी भूमिती. त्यांच्या कोटाच्या खिशात नेहमी कागदाची एक सुरळी असे. डावा डोळा मिटून ते तिच्यातून हवी ती वस्तू न्याहाळीत. शिक्षकांच्या खोलीत माझा चहाचा कपही त्यातून सुटला नाही. "भूमितीवाले, कपाचा कान उजवीकडे करा जरा," असे ते म्हणत, आणि माझा चहा निवून जाई. कुणा मुलाने फांदीला मनाने एखादे पान जोडले, की त्यांचे ठरलेले वाक्य येई : "मनचं नको. दिसलेलं काढ."

सुट्टीच्या दिवशी ते वाडीतल्या घरी तैलरंगात जुन्या डच स्थिरवस्तुचित्रांच्या नकला करीत. मूळ चित्र त्यांनी एकही पाहिलेले नव्हते. एका विलायती चित्रसंग्रहाची सुटी पाने, एवढाच त्यांचा आधार. सर्वांत आवडते पान एका मेजाचे होते : पांढरे कापड, कथलाची ताटली, अर्धवट सोललेले लिंबू, उघडलेली कालवे आणि पोटाला फुगीर असा काचेचा पेला. मुंबईचे एक गुजराती शेठ या नकला बंगल्यांच्या जेवणघरांसाठी घेऊन जात. मास्तरांच्या मनात मात्र एकच ओढ होती. एकदा तरी अस्सल चित्रासमोर बसायचे.

छापील पानावर कालवांच्या जागी करडा डाग होता. मास्तरांनी दारावर येणाऱ्या कोळणीकडून टोपलीभर कालवे घेतली आणि ती मेजावर मांडून सुरळी डोळ्याला लावली. दुसऱ्या दिवशी कोळीण पुन्हा आली, तेव्हा कालवे मेजावर तशीच होती.

"मास्तर, खाल्ली न्हाय?"

"बघतोय अजून."

"बघताय? कालवं काय नवरी हाय व्हय बघायला?"

आतून मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, "बाई, आता नवरीला वास सुटलाय. उचल ती आधी."

पेल्याचेही तसेच झाले. पानावर त्याच्या डाव्या कडेला एक पांढरा ठिपका होता आणि उजवीकडे आत दुसरा, फिकट. मास्तरांनी तशाच घाटाचा पेला मिळवला, पाण्याने अर्धा भरून खिडकीजवळ ठेवला आणि त्या ठिपक्यांच्या जागी जे दिसले ते काढले. डाव्या कडेला त्यांच्याच घराची खिडकी, धनुष्यासारख्या वाकलेल्या गजांची. गजांमागे अंगणातली पोफळ. उजवीकडे, काचेच्या पाठीमागच्या आतल्या अंगावर, तीच खिडकी, पण उलटी.

शेठ रेवसला लाँचमधून उतरून एस.टी.ने आले ते आधी नेलेले हेच चित्र परत घेऊन.

"मास्तर, आ शुं? हॉलंडमध्ये पोफळ? अने ती पण उलटी?"

"पोफळ उलटी नाही, शेठ. पेला गोल आहे."

शेठ मनाने चांगले होते. खाली बसून त्यांनी सगळे नीट सांगितले. एका गिऱ्हाइकाकडे अस्सल जुने डच चित्र होते. त्याच्या समोरच्या भिंतीवर हे लावायचे होते. त्या चित्रातल्या पेल्यात चार तावदानांची खिडकी होती. यातही तशीच हवी. "एवढं करून द्या. गिऱ्हाईक म्हणतं, आधी हात बघू, मग दार उघडू. मग बसा त्या चित्रासमोर, पाहिजे तितके दिवस."

मास्तरांनी लगेच पांढरा रंग कालवला. कुंचला पेल्यापाशी नेला. आणि तिथेच विचारले, "तावदानं पेल्यावर किती वाकलीत?"

"वाकतील कशाला? खिडकी सीधी असते."

"मग आधी दाखवा. पाहिलं की काढतो."

"आधी काढा, मग दाखवतात!"

मी मधे पडलो. म्हटले, पुठ्ठ्याची चार तावदाने करून खिडकीला लावू, वाक आपोआप कळेल. मास्तरांनी खिडकीकडे पाहिले. "वाक कळेल, भूमितीवाले. पण तो उजेड? पुठ्ठ्यातून चौलचाच येणार." त्यांनी कुंचला पुसला.

चित्र शेठ तसेच घेऊन गेले. पुढे मुंबईला गेलो असता शेठच्या दुकानात ते मला पुन्हा दिसले. दुसऱ्या कुणीतरी त्यात चार तावदाने काढली होती. पट्टीने आखल्यासारखी सरळ, पेल्यावर टपालाचे तिकीट चिकटवावे तशी. परत आल्यावर मी मास्तरांना ते सांगितले.

"आणि आतली? उलटी?"

"पुसून टाकली."

"मग त्या पेल्याला पाठच उरली नाही," ते म्हणाले, आणि मुलांच्या वह्या तपासू लागले.

अस्सल चित्र न पाहताच ते गेले. त्यांच्या पत्नीने तो पेला मला दिला. तो माझ्या मेजावर आहे. माझ्यापुरते उत्तर असे : मास्तरांनी आपला नियम मोडला नाही. पानाने जिथे दाखवायचे थांबवले, तिथे त्यांनी मनाला विचारले नाही, खिडकीला विचारले. पोफळ त्यांनी घातली नाही. ती तिथे होती.

मात्र यावर केवळ माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवू नये. घरातला एखादा फुगीर काचेचा पेला पाण्याने अर्धा भरावा, खिडकी डाव्या हाताला येईल असा ठेवावा, आणि एक डोळा मिटून खिडक्या किती दिसतात, त्यांतली उलटी कोणती आणि गज सरळ आहेत की वाकलेले, हे स्वतः पाहावे, ही विनंती.