पुढे दोन लावा

चिंचवडच्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षं बोर्डावर बसले. बोर्ड म्हणजे टेलिफोनचा. बाहेरून फोन आला की मी घ्यायचा, कोण हवंय ते विचारायचं आणि आतल्या माणसाला जोडून द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण साहेब लोक "जरा त्या पत्रेवाल्याला लावा हो" एवढंच म्हणून फोन ठेवून द्यायचे. कुठला पत्रेवाला, त्याचा नंबर काय, तो या वेळेला दुकानात असतो की जेवायला गेलेला असतो, हे सगळं मी जाणून असावं अशी त्यांची अपेक्षा असायची, आणि मी जाणून असायचे. चार-पाचशे नंबर तोंडपाठ होते. डायरी होती, पण ती उघडणं मला कमीपणाचं वाटायचं. हाताखाली नवीन मुलगी आली की तिला पहिल्याच दिवशी सांगायचे, डायरी डोक्यात ठेव, टेबलावर नको.

आमचे हे लक्ष्मी रोडजवळ एका बँकेत होते. रोज दुपारी साडेचारला यांचा फोन यायचा. मी नेहमीप्रमाणे कंपनीचं नाव घेऊन नमस्कार म्हणायचे. मग पलीकडून मोठ्या साहेबाच्या आवाजात प्रश्न यायचा, "बोर्डावर कोण आहे?" मी म्हणायचे, "मीच आहे." या विनोदाला आम्ही दोघांनीही कधी हसल्याचं आठवत नाही. पण तो रोज व्हायचा. मग कामाचं बोलणं, म्हणजे भाजी आहे का, नसली तर मंडईत कुठे भेटायचं. सव्वासहा ठरलं की सव्वासहा. उशीर झाला तर कळवायची सोय नव्हती, म्हणून उशीर होत नसे.

पुण्यातले फोन तेव्हा सहा आकडी होते, मग सात आकडी झाले. आणि मग एके दिवशी गावातल्या सगळ्या नंबरांपुढे दोन लागला. बाकीच्यांना तो एक आकडा होता, मला ते एक युद्ध होतं. पुढचे कितीतरी आठवडे मी येईल त्याला एकच वाक्य सांगत होते, "पुढे दोन लावा." घरी जेवताना कोणी मीठ मागितलं तरी तोंडून तेच येईल अशी परिस्थिती होती. यांनी त्याच्या जरा आधी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि साडेचारचा फोन आता घरून यायचा. यांनी त्या दोनला कधीही मान्यता दिली नाही. आधी सात आकडे फिरवायचे, पलीकडे ध्वनिमुद्रित बाई बोलायला लागली की रागाने ठेवायचे, मग दोन लावून पुन्हा फिरवायचे. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "मला माझी बायको सात आकड्यांत मिळत होती. आठवा कुणासाठी?"

पुढे मुलगा कॉम्प्युटर शिकून खराडीला नोकरीला लागला आणि त्याने पहिल्या पगारातून मला मोबाइल आणला. मी त्याला ऐटीत सांगितलं, यात नंबर साठवून मिळतात ते तुमच्यासारख्या आळशी लोकांसाठी. पहिलं वर्षभर मी एकही नंबर साठवला नाही. मग एक साठवला, गॅसवाल्याचा. मग डॉक्टरांचा. मुलाने कंपन्या बदलल्या तसे नंबर बदलले, तेव्हा कंटाळून "मुलगा" म्हणून साठवून टाकला. त्यानंतर "सून" आली आणि शेवटी "हे". कसब्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही वाघोलीला मुलाकडे राहायला गेलो, तेव्हा घरचा फोनही गेला. आता दूध फोनवर, रिक्षा फोनवर, डॉक्टरांची वेळ फोनवर. सून आतल्या खोलीतून मला "चहा घेणार का" हे फोनवर लिहून विचारते, आणि मी "हो" असं लिहून पाठवते. ज्या गोष्टीची मी थट्टा करत होते तिच्यात मी कधी जाऊन बसले ते मला कळलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग जेवण झालं की नाही ते. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलंय. घरात आम्ही ते उच्चारत नाही. यांच्या हातात मोबाइल राहिला की काहीतरी दाबलं जायचं आणि कुणालाही फोन लागायचा, म्हणून तो मी माझ्या पिशवीत ठेवायला लागले. माझ्या फोनचा आवाज बंद ठेवायचे, कारण वाजला की हे दचकायचे. म्हणजे हे माझ्या हाताशी आणि दोन्ही फोन पिशवीत, अशी आमची व्यवस्था होती. त्यात काही चूक आहे असं घरातल्या एकालाही वाटलं नाही.

महिन्यातून एकदा मी यांना मंडईत घेऊन यायचे. तिथे यांना बरं वाटायचं. वांगी हातात घेऊन बघायचे, भाव विचारायचे, नको म्हणायचे. सगळं आयुष्य आम्ही मंडईत हातभर अंतर ठेवून चाललो. आता मी हात धरते. लाजण्याचं वय दोघांचंही गेलं.

त्या दिवशी आम्ही फोनवरून मागवलेल्या गाडीने आलो. उतरताना यांचा पाय नीट खाली टेकतोय ना याकडे माझं सगळं लक्ष होतं. आत जाऊन मी गवार घेतली. भाजीवाल्या बाईंनी चौकोनी पाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "आजी, स्कॅन करा." मी खांद्याला हात लावला. पिशवी नव्हती. गाडीच्या सीटवर राहिली होती, दोन्ही फोनांसकट. ती गाडी शोधायची तर फोन हवा, आणि फोन गाडीत. कमरेच्या बटव्यात थोडे पैसे होते ते काढायला मी यांचा हात सोडला. बटव्याची नाडी अडकली होती. ती सोडवून पैसे देऊन मी वळले, तर शेजारी हे नव्हते.

मंडईत मी चार फेऱ्या मारल्या. यांच्या उंचीचा पांढरा सदरा दिसला की धावत जायचे. बाहेर रस्त्यापर्यंत गेले, बसच्या गर्दीत पाहिलं. यांना नावाने हाक मारायची माझी सवय नाही, आणि "अहो" अशी हाक मारली की पुण्यातले निम्मे पुरुष वळून बघतात. मला भीती वाटत होती ती गाड्यांची. हे रस्त्यात मध्येच थांबतात.

गवारीवाल्या बाईंनी गाळा शेजारणीवर सोपवून मला पोलीस चौकीत नेलं. तिथला हवालदार भला होता. त्याने कागद पुढे ओढला.

"फोटो आहे का?"

"फोनमध्ये आहे."

"त्यांच्याजवळ मोबाइल?"

"माझ्या पिशवीत होता."

"तुमच्या मुलाचा नंबर सांगा, मी लावतो."

मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. नऊवर काहीतरी, मग आठ असावा. त्याने वर पाहिलं. मी म्हटलं, "मी टेलिफोन ऑपरेटर होते." हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. त्याने कागदावर तेही लिहून घेतलं, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. माझा स्वतःचा नंबर मला येत होता, तो त्याने लावून पाहिला. नुसता वाजत राहिला. आवाज बंद ठेवलेला फोन सीटवरच्या पिशवीत कुणाला ऐकू येणार?

गवारीवाल्या बाई म्हणाल्या, "आजी, जो कुठला नंबर आठवतोय तो लावा. कुणीतरी उचलंल."

मी डोळे मिटले. बोर्डावर बसल्यावर बसायचे तशी ताठ बसले. पहिला आला तो पत्रेवाल्याचा नंबर. मग जुन्या मोठ्या साहेबांच्या घरचा, ते जाऊन किती वर्षं झाली. सगळे बंद पडलेले नंबर रांगेत उभे होते आणि त्यात माझं एकही माणूस नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड पूर्वी कधी आली नव्हती. आणि मग लक्षात आलं की मी बोर्डाचा नंबर धरलाच नव्हता. तो आठवावा लागत नाही म्हणून. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी, आता पन्नाशी ओलांडलेली, अजून तिथेच आहे. तिच्या लेकीच्या नोकरीसाठी ती माझ्या मुलाशी बोलली होती. तिच्याकडे त्याचा नंबर असणार. मी चौकीतल्या टेबलावरच्या फोनवर आठ आकडे दाबले.

मी शिकवलेल्या सुरात तिने कंपनीचं नाव घेतलं. मी माझं सांगितलं, तशी म्हणाली, "ताई, अहो आहात कुठे? मी कधीची तुम्हाला लावतेय, तुमचा मुलगाही उचलत नाही. तुमचे साडेचारचे इथे तुम्हाला मागतायत."

मला काही कळेना. ती म्हणाली, "नंबर घेऊन ठेवलाय मी त्या दुकानाचा. थांबा, लाइन देते." आणि तिने लाइन दिली, पूर्वी मी सगळ्या जगाला द्यायचे तशी.

पलीकडे कसब्यातला एक तांब्या-पितळेच्या भांड्यांचा दुकानदार होता. आवाजावरून वयस्कर. आमच्या जुन्या घराच्या समोरचं दुकान, पण नवीन मालक, आम्हाला न ओळखणारा. पुणेरी माणूस, त्यामुळे आधी त्याने मला झापलं.

"माणूस असा सोडतात का बाई रस्त्यावर?" मग म्हणाला, "माझ्या दुकानात बसलेत. नाव विचारलं, सांगत नाहीत. घर विचारलं तर समोरच्या बिल्डिंगकडे बोट दाखवतात. नंबर विचारला तर एका दमात. दुकानाच्या फोनवरून लावला तर लागेना. मग मोजले, तर सात. म्हटलं, माणूस जुना, नंबर जुना. पुढे दोन लावला. तर कंपनी निघाली. मी ठेवणार होतो, पण यांनी फोन हातातून ओढून घेतला. घ्या, बोला."

जरा खरखर झाली. मग तो मोठ्या साहेबाचा आवाज आला.

"बोर्डावर कोण आहे?"

हवालदार आणि गवारीवाल्या बाई माझ्याकडे बघत होते. चौकीतल्या भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

"मीच आहे," मी म्हटलं.

"भाजी घेतलीस का?"

"घेतली. तिथेच बसा. मी आलेच."

हवालदाराने मला स्कूटरवरून कसब्यात सोडलं. हे स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होते. मी त्या दुकानात घंगाळांच्या मध्ये बसून भरपूर रडले. दुकानदाराने मला चहा दिला आणि दुसरीकडे बघत राहिला. पिशवी संध्याकाळी मिळाली, गाडीवाला स्वतः वाघोलीला आणून देऊन गेला. फोनवर सत्तावीस मिस्ड कॉल होते. त्यातले एकोणीस बोर्डावरून.

मुलाने यांच्यासाठी एक घड्याळ आणलंय. हे कुठे आहेत ते त्याला त्याच्या फोनवर दिसतं. त्या घड्याळाला रोज चार्ज करावं लागतं, आणि हे ते काढून तांदळाच्या डब्यात ठेवतात, त्यामुळे बहुतेक वेळा मुलाला तांदूळ कुठे आहेत ते कळतं. मी मुलाचा, सुनेचा आणि डॉक्टरांचा नंबर पाठ केलाय. सकाळी गॅसपाशी उभी राहून म्हणते. पूर्वी एकदा ऐकला की बसायचा, आता दहा वेळा म्हणावा लागतो.

हे आता पुष्कळ पुढे गेलेत. परवा मी औषध दिलं तर म्हणाले, "आभारी आहे. आपण कोण?" आयुष्यभर अगं-तुगं करणारा माणूस मला आपण म्हणाला, ते मला फार लागलं. पण नंबर विचारला की अजून सात आकडे न अडखळता येतात. मी आठवा शिकवायचा प्रयत्न केला. ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुन्हा सातच सांगतात. मग मी तो नाद सोडला. बोर्डावरच्या मुलीला निवृत्त व्हायला अजून चार वर्षं आहेत.

यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशावर मी एक कापडी पट्टी शिवलीय. तिच्यावर न जाणाऱ्या शाईने माझा आणि मुलाचा नंबर लिहिलाय. त्याच्याखाली लिहिलंय: "हे नंबर लागले नाहीत तर यांना बायकोचा नंबर विचारा. ते सांगतील. पुढे दोन लावा."