सोमवारची राखीव वेळ

देवासच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात लागले, तेव्हा अख्ख्या कारखान्याला एकच मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेले आठ टर्मिनल. सोमवारी सकाळी ते हमखास रखडायचं. ट्रक भरून उभे असत, म्हणून डिस्पॅचला गेटपासची घाई. नेमके त्याच वेळी स्टोअर आणि खरेदीवाले आपले लांबलचक रिपोर्ट काढायला बसत. एकेका गेटपासला पंधरा मिनिटं लागायची. सोनकच्छ म्हणजे शेजारचंच गाव, तरी ड्रायव्हर खिडकीशी येऊन ओरडत, "मॅडम, सोनकच्छ पहुँचते-पहुँचते शाम हो जाएगी!"

दोन महिने मी वहीत टिपून ठेवलं. गर्दीची वेळ कधीच बदलत नव्हती. मग साहेबांना म्हटलं, "सोमवारी नऊ ते अकरा मशीन फक्त डिस्पॅचला द्या. बाकीचे टर्मिनल बंद."

त्यांनी सही केली. पुढच्याच सोमवारी सगळे ट्रक दहाच्या आत गेटबाहेर पडले, आणि मी आठवडाभर ऐटीत फिरले.

मग एका सोमवारी ट्रकवाल्यांचा संप झाला. गेटवर शुकशुकाट, मशीन रिकामं. तेवढ्यात लॅबमधले काका आले. निवृत्तीला टेकलेले, कॉम्प्युटरला हात लावायला घाबरणारे. त्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाले, "आज टेस्ट रिपोर्ट मीच टाइप करीन म्हणतो."

"काका, अकरानंतर या. ही वेळ डिस्पॅचची आहे."

त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं. "बरं बेटा," म्हणाले आणि गेले. अकरानंतर आले नाहीत.

दुपारी मी लॅबमध्ये गेले, तर रिपोर्ट हाताने लिहून झाला होता. मला ओशाळल्यासारखं झालं.

"काका, चुकलं माझं. मशीन तर रिकामंच होतं."

"तू नियमाने वागलीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण पुन्हा येण्याचं नावही त्यांनी काढलं नाही.

त्याच संध्याकाळी मी नियमात एक ओळ वाढवली: साडेनऊपर्यंत डिस्पॅचचं काम सुरू झालं नाही, तर मशीन सगळ्यांना मोकळं. काकांसाठी मात्र लॅबमध्ये तीन-चार चकरा माराव्या लागल्या. शेवटी एका मंगळवारी आले आणि एका बोटाने टाइप करत बसले. अर्ध्या पानाला तास लागला.

"हाताने लवकर होतं गं," म्हणाले. पण प्रिंटरमधून निघालेला कागद घडी न घालता, दोन्ही हातांनी धरून लॅबमध्ये घेऊन गेले.