नवस फिटेपर्यंत नळी काढायची नाही

माझ्या थोरल्या मुलाने दारू पिऊन स्वादुपिंड सुजवून घेतलं. दिवाळी सोलापूरच्या दवाखान्यातच गेली. सूज उतरली, पण आत रस वाहण्याची वाट फाटली होती. रस पोटात झिरपून गोळा साठला. डॉक्टरीणबाईंनी पोट न फाडता तोंडातून दुर्बीण घातली आणि त्या वाटेत प्लास्टिकची बारीक नळी बसवली. म्हणाल्या, "आजी, दुखायचं थांबलं तरी दोन महिन्यांनी ही नळी काढायचीच. तुंबली तर आत पू होईल."

मी चौथी शिकलेय. मला कळलं. माझ्या दिराला कळलं नाही.

घरी आलो तर त्यांनी देवाला मेंढा सोडलेला. आमच्यात असा मेंढा जत्रेत कापेपर्यंत दुखणेकऱ्याच्या अंगाला हत्यार लागू देत नाहीत. जत्रा चैत्रात.

"वैनी, पोरगं भाकरी खातंय, मेंढरामागं हिंडतंय. कशाला पुन्ना तोंडात नळकांडं घालायचं?"

"तुमच्या तोंडात घालायला सांगते. चला."

"देवाची चेष्टा करू नगा."

"देवाची कुटं? तुमची करतेय."

सगळे हसले. मुलगाही हसला आणि काकाशेजारी जाऊन बसला. तारखेच्या दिवशी मी पिशवी भरून उंबऱ्यात उभी. "जत्रा होऊ दे की, आई," म्हणाला आणि मेंढरं घेऊन गेला. चाळिशीच्या बाप्याला काखेत मारून नेता येत नाही.

माघात थंडी वाजून ताप भरला, पोट ढोलासारखं फुगलं. पुन्हा सोलापूर. बाईंनी तुंबलेली नळी ओढून काढली, पू काढला, नवी नळी घातली. वाट आता आकसली आहे, म्हणाल्या. नळ्या बदलत राहाव्या लागतील. त्यात साखरेचा आजार जडला. पोटात रोज सुई.

दीर भेटायला आले ते अंगारा घेऊन. "मेंढा सोडला म्हणून वाचला बगा."

"नळी मेंढ्यानं काढली व्हय?"

"आई, काकाला बोलू नगं," मुलगा म्हणाला. त्याने डोळे मिटले आणि अंगाऱ्यासाठी कपाळ पुढे केलं.

मी उठून बाईंकडे गेले, नळी बदलायची पुढची तारीख विचारली. चैत्रातली निघाली. जत्रेच्या आधीची.