जुळलेले आकडे

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ताजा होता, नळ मात्र कोरडे. आमच्या नांदेडच्या औषध कारखान्याने त्याच दुष्काळात तिथे दुसरी शाखा काढली. तापाच्या गोळीत औषध नेमकं किती, हे मोजायची आमची पद्धत तिथल्या प्रयोगशाळेलाही जमते का, ते पडताळायचं काम माझ्याकडे आलं.

आराखडा मीच आखला. तीन बॅचच्या गोळ्या, प्रत्येक बॅच दोन्हीकडे सहा वेळा तपासायची. दोन्हीकडचे आकडे जवळ आले की पद्धत तिकडे बसली असं धरायचं. नमुन्यांसोबत मी आमचे आकडेही पाठवून दिले. मदत होईल असं वाटलं.

लातूरला एकच केमिस्ट होते. देवणीकडचे, आधी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचे आकडे आले ते आमच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे. माझ्या वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. पण कागद पुन्हा वाचताना मी दोन्हीकडचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. माझ्या स्वतःच्या सहा तपासण्यासुद्धा एकमेकींशी इतक्या जुळत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बस धरून लातूर गाठलं. डिस्टिल्ड पाण्याच्या यंत्रावर धूळ बसली होती.

"मास्तर, हे कधीपासून बंद आहे?"

"महिना झाला, साहेब. त्याला गार ठेवायला नळ चालू लागतो. आम्ही इथं प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघून राहिलो."

"मग गोळ्या कशात विरघळवल्या?"

"न्हाई विरघळवल्या. तुमचे आकडे आलेच होते. त्याच्याच मागंपुढं लिहिले."

"कळवायचं तरी!"

"दोन पत्रं धाडली. जवाब आला, तारीख पाळा."

त्या उत्तरावर सही माझी होती. पाण्याची तक्रार कुठून येत नव्हती? मी पत्रं धड वाचलीही नव्हती.

अहवालात मी लिहिलं की आकडे बनावट आहेत. खरंच होतं ते. आमचे आकडे मीच आधी पाठवले आणि त्यांची पत्रं मीच वाऱ्यावर सोडली, हे लिहायला हात धजला नाही. मास्तरांना काढून टाकलं. शाळेतली त्यांची जागाही तोवर भरली गेली होती.

पुढे आम्ही नांदेडहून पाण्याचे कॅन नेले, आमचे आकडे झाकून ठेवले आणि नव्या केमिस्टकडून चाचणी पुन्हा घेतली. ती पास झाली. त्या अहवालावरही माझीच सही आहे.

वर्षभराने उदगीरच्या स्टँडवर मास्तर दिसले. खूप वाळले होते. मला पाहून आपणहून जवळ आले.

"लॅबला पाण्याची सोय झाली का, साहेब?"

"हाव," एवढंच म्हणालो. माफी मागायची होती. ते अजून थोडा वेळ थांबले, मग त्यांची बस लागली.