सुट्टीची वही

सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरचा झेरॉक्सवाला आमच्याच गावचा, रत्नागिरीकडचा. दर मे महिन्यात तो गावी जातो, तेव्हा वाया गेलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूंची वही शिवून नेतो आणि दिसेल ते बॉलपेनने काढतो. परत आला की वही काउंटरवर ठेवून म्हणतो, “सर, चुका सांगा हां.”

मी शाळेत चित्रकला शिकवतो. सुट्टीत मनालीला जाताना मी महागडं स्केचबुक नेलं होतं, ते कोरंच परत आलं. म्हणून याच्या चुका मी मन लावून शोधतो. होडी बुटकी झाली, फणस फार मोठा. तो “बरोबर, बरोबर” म्हणतो आणि गिऱ्हाइकाला थांबवतो, “रुको भाई, सर देख रहे हैं.” त्याचा मला जास्तच राग येतो.

यंदा एका पानावर माझे बाबा होते. पडवीत बसलेले, मान जराशी कललेली, अगदी हुबेहूब. माझ्या पोटात दुखायला लागलं. चूक सापडायलाच हवी होती, आणि सापडली.

“हातात काठी कशाला दिलीस? बाबा काठी घेत नाहीत.”

त्याने वही हळूच मिटली.

“दिवाळीपासून घेतायत, सर.”