विश्राम सगुण गवस, जन्म १९६०

मला दुपारची झोप लागत नाही. ज्यांना लागते त्यांचा मला रागच येतो. पण आज आईने बांगड्याचं तिखलं केलंय, वर सोलकढी, आणि ताटावरून उठल्यापासून मी जांभया देतेय. पडवीत चटई टाकून मी आडवी होते. उशाशी प्लास्टिकची फाइल.

"ती फायल काय पळान जातली? घरात ठेव," आई म्हणते.

मी ठेवत नाही. तीन वर्षं लागली मला ती फाइल भरायला.

फाइलमध्ये माझे बाबा आहेत. विश्राम सगुण गवस, जन्म ३ सप्टेंबर १९६०, असा पेडण्याच्या कचेरीतून काढलेला उतारा. आमचं गाव तेरेखोल नदीच्या अलीकडे, आजीचं माहेर पलीकडे, गोव्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आजी पोट घेऊन होडीत बसली आणि मूल जन्मलं फिरंग्यांच्या राज्यात. त्या एका होडीवर आमचं सगळं नशीब. गोवा मुक्त होण्याआधी तिथे जन्मलेल्यांच्या मुलांना पोर्तुगालचा पासपोर्ट मागता येतो. आधी बाबांचा जन्म लिस्बनच्या वहीत चढवायचा, मग त्यांची मुलगी म्हणून मी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, पण एजंट मिनेश म्हणतो, मॅडम, मेलेला माणूसपण चालतो, फक्त कागद जिवंत पाहिजे.

मी म्हापशाच्या एका दवाखान्यात अटेंडंट आहे, नवरा आणि लेकीसह आईकडेच राहते. नवऱ्याचा ट्रक खाणी बंद पडल्यापासून अंगणात उभा आहे, त्याच्या चाकात गवत वाढलंय. लेक सातवीत. तो पासपोर्ट आला की युरोपात कुठेही काम करता येतं; आयर्लंडच्या एका वृद्धाश्रमात काम तयार आहे, मागून दोघांना बोलावून घ्यायचं. आता राहिलीय एकच सही. 'वर नमूद केलेले विश्राम हेच माझे वडील, असे मी शपथेवर सांगते.' मिनेश पाचला फोन करणार आहे. म्हटलं, जरा पाठ टेकते, मग नीट अक्षरात करते.

डोळे मिटतात. पंखा घरघरतो. ती घरघर हळूहळू जड होते, चढावर पहिल्या गिअरमध्ये टाकलेल्या एसटीची होते.

"सरक गो जरा. माका बसाक जागा दी."

बाबा आहेत. खाकी गणवेश, बगलेत टॉवेल, हाताला डिझेलचा वास. मी सरकते. मेलेला माणूस आला म्हणून दचकायला हवं हे मला कळतंय, पण तोंडातून येतं भलतंच.

"बाबा, जेवलात?"

"ह्या काय?" ते फाइल उचलतात.

"तुमचो जन्माचो दाखलो. तुमी पोर्तुगीज झालात बाबा!" मला हसूच येतं. "जन्मभर सावंतवाडी-शिरोडा गाडी हाकलीत आणि आता बघा, लिस्बनाक नाव लागतला."

बाबा हसत नाहीत. माझे बाबा हसत नाहीत असं कधी झालेलंच नाही.

पडवी वळण घेते. मी खांबाला धरते, तो खांब नसून एसटीची दांडी आहे. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसलेत. गाडी भरलेली आहे आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक प्लास्टिकची फाइल. कुणी कुणाशी बोलत नाही. खिडकीतून नदी दिसते, मग नदी खिडकीच्या आत येते आणि माझी पावलं ओली होतात. एसटी पाण्यावर चाललीय. कुणालाच त्याचं काही नाही.

"बाबा, पूल खंय असा?"

"तेव्हा पूल नाय होतो," बाबा गिअर बदलत म्हणतात.

उतरतो तर कचेरी. पेडण्याचीच, मी खेटे घातले तीच हिरवी खिडकी. पण आत दिव्याऐवजी समई लावलीय आणि कारकून पाठमोरा बसलाय. समोर जन्मनोंदीची जुनी वही, दोन पाटांएवढी.

"नाव?" कारकून विचारतो.

"भिको सगुण गवस," बाबा सांगतात.

पानं उलटण्याचा आवाज येतो. "नाही. वहीत नाही."

"अहो बाबा!" मी त्यांचा हात ओढते. "भिकू घरातलं नाव! कागदावरचं सांगा. विश्राम सांगा!"

बाबा माझ्याकडे वळतात. "ता नाव माझा नाय."

"म्हणजे?"

"माका भिको कित्याक म्हणत, कधी इचारलंस?"

अरे देवा. कोकणात वाढलेली बाई मी, दवाखान्यात रोज चार बाळंतिणी बघते. भिकू, धोंडू, दगडू. पहिलं मूल गेलं की दुसऱ्याला असं टाकाऊ नाव ठेवतात, म्हणजे नजर लागत नाही, आणि न्यायला येणाऱ्यालाही वाटतं की हे कुणाला नकोसं असलेलं आहे. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं हे. गावभर लोक माझ्या बापाला भिकू म्हणून हाका मारत होते आणि छत्तीस वर्षांत माझ्या मठ्ठ डोक्यात एकदाही शिरलं नाही की मग पहिला कोण.

"पहिलो कोण?" मी विचारते.

कचेरीत धूर येतोय. धूर नाही, काजळी आहे. कारकून बसला होता तिथे एक पोर बसलीय, विशीचीही नसेल, नऊवारी, केस सुटलेले. समईच्या ज्योतीवर तांब्याचं ताम्हन उपडं धरून ती काजळ धरतेय. कानामागचा तीळ बघितल्यावर मी ओळखते. माझी आजी. माझ्याहून निम्म्या वयाची. ती वर बघत नाही. बोट काजळात बुडवून ती मांडीवरच्या बाळाच्या गालाला तीट लावते.

"ह्यो पहिलो," बाबा म्हणतात. "विश्राम. मामान फिरंग्याच्या वहीत नाव घातल्यान. सव्वा म्हयनो ऱ्हवलो. नाव ठेवल्यानी विश्राम, आणि पोर तिकडेच निजला."

"आणि तुमी?"

"मी दोन वर्सांनी. अलीकडे, ह्या घरात. पयला माहेराक मरान गेला म्हणान आवशीक, तुज्या आजीक, परत थंय धाडूक नाय. तवसर, एकसष्ट सालात, फिरंगी पण गेललो." ते खाकी टोपी काढून हातात फिरवतात. "माझो कागद कोणी केल्यान नाय. शाळेत मास्तरान दाखलो मागलो, तर बापाशीन विश्रामाचो होतो तो दिल्यान."

मला एकदम बाबांची निवृत्ती आठवते. आगारातले लोक हार घालून म्हणत होते, गवसानू, केस काळे कुळकुळीत तुमचे, अजून दोन वर्षं सहज ओढली असतीत! आणि बाबा हसून म्हणाले होते, ती दोन वर्सां माझी नायच. सगळे हसले. मीही हसले, आणि भजी खाल्ली.

आणि मग मला राग येतो.

"कधी सांगूक नाय तुमी! मी तीन वर्सां ह्या कचेरीत उभी ऱ्हवलंय! दोनदा रजा कापली माझी! माझी लेक रोज इचारता, आई, आयर्लंडाक बर्फ पडता काय गो? तिका आता काय सांगू? आजोबा खोटे होते म्हणान सांगू?"

"सांग," बाबा म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे आणि मला माझ्या शब्दांची लाज वाटते. "माका पण उशिरा कळला. आवस जाताना बोलली. तवसर शाळेत तेचा नाव, लायसनार तेचा, लग्नाच्या पत्रिकेर तेचा. मी मेलंय तर दाखल्यार पण तोच मेलो. तो दोनदा मेलो बघ. आणि आता तू तेका परत उठवतंस, आणि परदेशाक धाडतंस."

"माका खंय म्हायती होता बाबा..."

"तां खरा." ते नाक पुसतात, आणि मग, किती वेळाने, हसतात. "पण गंमत बघ. ह्या घरात फिरंग्यांचो माणूस एकच. आणि तो सव्वा म्हयन्याचो."

समई नाही. आजी नाही. आम्ही आजीच्या माहेरी परसात फणसाखाली उभे आहोत. जमीन इथे जराशी खोलगट आहे. बारक्या मुलांना जाळत नाहीत, पुरतात. लहानपणी सुट्टीत मी ह्या फणसाखाली लंगडी घालायचे. इथे, ह्याच जागेवर. मी पटकन बाजूला होते.

बाबा खाली वाकून उचलतात आणि काही कळायच्या आत बाळ माझ्या हातात देतात. गरम आहे. जड आहे. दवाखान्यात रोज उचलते तसंच, मान सांभाळून मी धरते.

"ह्यो तुजो थोरलो काका," बाबा म्हणतात. "तेका कोणी काका म्हणूक नाय आजवर. नाव सगळ्यांनी वापरला, हाक कोणी मारूक नाय."

मी बघते. गालावर तीट, मूठ काजळाने बरबटलेली. आजीच्या ताम्हनात घातली असणार. सव्वा महिन्याचा काका माझ्याकडे टक लावून बघतो.

"काका," मी म्हणते. मग मोठ्याने, "विश्रामकाका."

त्याची मूठ उघडते.

"बाबा, मी सही करू काय?"

बाबा एसटीच्या पायरीवर चढलेत. नदी वाजतेय. "माका इचारू नको. माझी सही चालाची नाय. कागद जेचो तेका इचार."

घरघर वाढते, वाढते, आणि मी चटईवर उठून बसलेली आहे. पंखा. पडवी. ट्रकच्या चाकातलं गवत. दोन्ही हात अजून मान सांभाळल्यासारखे पुढे धरलेले.

आई अंगणात आमसुलं उलथतेय.

"आई," मी म्हणते, "बाबांक भाव होतो काय गो?"

"खुळा काय तू? एकटे ते." ती हात झटकते. मग जरा थांबते. "तुजी आजी मात्र म्हातारपणात तेंका धाकट्या म्हणान हाक मारी. एकटो एक झील, तो धाकटो कसो? मी एकदा इचारलंय. तर अशी रडाक लागली, की मी परत इचारूक नाय."

मी फाइल ओढून घेते. प्लास्टिकचं बटण लावलेलंच आहे. आत उतारा, लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, सगळ्यात वर शपथेचा कागद. खाली सहीची रेघ.

रेघेवर एक अंगठा उठलाय. काळा, तेलकट. चिंचोक्याच्या निम्म्याएवढा.

मी बोट लावते. बोटाला काजळ येतं. आमच्या घरात काजळ नाही, लेकीच्या बारशापासून आणलेलं नाही. मी बोट नाकाशी नेते, तुपाचा आणि जळक्या वातीचा वास आहे.

फोन वाजतो. मिनेश.

"काय मॅडम, झाली सही?"

मी कागदाकडे बघते. "झाली."

"अरे वा! तुमचीच ना? नीट, आत्ताच्या भारतीय पासपोर्टवर आहे तशी?"

"माझी नाही. माझ्या थोरल्या काकांची."

"मॅडम, काका कुठून आले? तुमचे बाबा तर एकुलते एक होते ना? तसंच भरलंय आपण सगळीकडे."

"नाही हो मिनेश," मी म्हणते. "बाबा धाकटे होते."